वेंकोबा सरांचा वाढदिवस आणि मी निवडलेला हॉल

खायची जागा निवडायची असेल तर ते काम माझ्यावर सोडावं, असं मी या वर्षापर्यंत, म्हणजे २००७पर्यंत, छाती ठोकून सांगत असे. पुण्यात असताना कुठल्या गल्लीत मिसळ चांगली आणि कुठल्या गल्लीत नुसताच रस्सा लाल, हे मला लोक फोन करून विचारायचे. त्यामुळे वेंकोबा सरांच्या वाढदिवसाच्या ब्रंचसाठी चेन्नईत जागा शोधायची वेळ आली, तेव्हा मी रूममेट कुशलला म्हणालो, "तू फक्त बघत राहा."

कुशल नागपूरचा, आमच्याच ऑफिसातला. तो खरंच फक्त बघत राहिला. अजून त्याला याच गोष्टीचा राग येतो.

हा उपद्व्याप मी का केला, ते आधी सांगतो. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. बायको, म्हणजे स्वरदा, पुण्यात नोकरीला आणि मी चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीतल्या कंपनीत. पुण्याला बदलीचा माझा अर्ज वेंकोबा सरांच्या टेबलावर चार महिने पडून होता. सही त्यांची हवी. सर तंजावरकडचे मराठी, वय सत्तावन्न, येत्या वाढदिवसाला अठ्ठावन्न पूर्ण. स्वभाव असा, की त्यांच्या केबिनचं दार वाजवण्याआधी माणसं पाणी पिऊन घेत. स्वरदाने फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "या महिन्यात सही झाली नाही, तर मी माहेरी राहायला जाते. या घरात एकटीला भाजीसुद्धा अर्धी उरते."

सर मंगळवारी तंजावरला गावी गेले ते बारा दिवसांच्या रजेवर. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी परतणार, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांचा वाढदिवस. मी ठरवलं, ऑफिसच्या बावीस माणसांना जमवून सरांना थक्क करायचं. सर खूश की सही झाली.

आता अडचण अशी, की चेन्नईत ब्रंच नावाची वेळच नसते. इडली-डोसा साडेदहाला बंद होतो आणि जेवणाची पानं साडेअकराच्या पुढे मांडतात. मधल्या वेळात गेलात, तर वाढपी तुमच्याकडे 'चुकून आलेला' म्हणून बघतो. शिवाय सरांना कांदा-लसूण चालत नाही. पंचतारांकित हॉटेलात पदार्थांपुढच्या पाट्यांवर इंग्रजीत इतकं काही लिहिलेलं असतं, की सर पाट्या वाचूनच परत आले असते.

सर गावी असतानाच मधल्या रविवारी सकाळी अण्णा नगरमध्ये, सरांच्या घराजवळच्या एका गल्लीत मला ती जागा दिसली. स्वच्छ, पांढरा रंग दिलेला हॉल. आत लांबलचक पंगत, केळीची पानं, साजूक तुपाचा वास. घड्याळात अकरा! आणि शांतता केवढी. ना लाउडस्पीकर, ना फुगे, ना पोरांची धावपळ. लोक मान खाली घालून जेवत होते आणि हात धुऊन गुपचूप निघून जात होते. चेन्नईत राहून मला तीन वर्षं झाली, पण तमीळ मला रिक्षावाल्यापुरतंच येतं. दारावरची पाटी मला वाचता आली नाही. वाचायची गरजही वाटली नाही.

मॅनेजरचं नाव सुंदर. कपाळाला भस्म, आवाज मऊ. आम्ही इंग्रजीत बोललो.

"नाव?"

"वेंकोबा राव."

"वय?"

"अठ्ठावन्न."

त्याने जिभेने च् च् केलं. "फार लवकर."

"बघून कुणाला पन्नाससुद्धा वाटत नाहीत," मी म्हणालो.

"तुमचे कोण?"

"साहेब आहेत. पण मला वडिलांसारखे."

सुंदरने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. चेन्नईत असा प्रेमळ हॉटेलवाला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कांदा-लसूण नको," मी सांगितलं.

"इथे कधीच नसतो, सर. भटजी तुमचे की आमचे?"

"भटजी नकोत. फक्त जेवण. आणि केक आम्ही आणू."

त्याचं पेन थांबलं. "केक?"

"आमच्याकडे पद्धत आहे. कापतो आणि टाळ्या वाजवतो."

मग "एकेका प्रांताची रीत" असं पुटपुटत त्याने वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "फोटो एक द्या. समोर मोठा करून ठेवू." मला ही कल्पना फारच आवडली. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मी त्याला दुसऱ्याच दिवशी नेऊन दिला.

आता आमंत्रण. सरांची सेक्रेटरी हेमलता हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. वाढदिवस हा शब्द कळला, की तिने तंजावरला फोन केलाच म्हणून समजा. म्हणून मी तो शब्दच टाळला आणि गुरुवारी सगळ्यांना एकच एसएमएस पाठवला. 'वेंकोबा सरांसाठी. रविवार, सकाळी अकरा.' खाली हॉलचं नाव आणि शेवटी, 'जेवून जायचं आहे. कृपया सरांच्या घरी कुणीही फोन करू नये.'

एकाचंही उलट उत्तर आलं नाही. मी कुशलला म्हणालो, "बघ, किती शिस्तीची माणसं आहेत."

रविवारी मी साडेदहालाच पोचलो. अंगात पिवळाधमक झब्बा, एका हातात केक, दुसऱ्या हातात अकरा फुगे. कुशलला मी सरांना आणायला पाठवलं होतं. माणसं येऊ लागली. सगळी पांढऱ्या नाहीतर करड्या कपड्यांत, आणि बायकांच्या केसांत गजऱ्याचं नाव नाही. चेन्नईत रविवारी गजऱ्याशिवाय बायका म्हणजे मला जरा विचित्रच वाटलं. कुणाच्या हातात भेटवस्तू नव्हती.

"या, या," मी म्हणालो. "केवढा आनंदाचा दिवस."

टीममधली रंजनी, तंजावरच्याच मराठी घरातली, माझ्या फुग्यांकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"मंदार, तुम्हांस कांहींच वाटत नाहीं?"

"वाटतं ना. चार दिवस झोप नाही मला."

"मी बोटांवर मोजिलें," ती हुंदका देत म्हणाली. "सर गेले तो मंगळवार धरून आज तेरावा दिवस."

तिच्या मागे प्रतापसिंह. एसीखालच्या खुर्चीवरून सरांशी दोन वर्षं अबोला धरलेला हा दणकट माणूस भिंतीला टेकून रडत होता. "देवमाणूस होता," तो म्हणाला. "मी ती खुर्ची तेव्हाच द्यायला हवी होती."

होता? केक घेऊन मी तसाच आत धावलो. समोर टेबलावर वेंकोबा सरांचा फोटो, दोन हात उंच, चंदनाचा हार घातलेला. पुढे समई. बाजूला उदबत्त्यांचा जुडगा. सुंदर हात जोडून उभा होता.

"सुंदर," मी कसंबसं विचारलं, "हा हॉल कशाचा आहे?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "तेराव्याच्या जेवणाचा, सर. चाळीस वर्षं. अण्णा नगरात कुणालाही विचारा."

कुणालाही विचारलं नव्हतं, हीच तर गोची होती. हार काढू की समई विझवू, हे ठरेपर्यंत बाहेर कुशलच्या मोटारीचा हॉर्न वाजला.

वेंकोबा सर उतरले. रेशमी काठाचं धोतर, तोंडात विडा. दारातल्या पाटीवर आज त्यांचं नाव होतं. सरांनी चष्मा पुसला आणि तमीळ पाटी मोठ्याने मराठीत वाचली, "वैकुंठवासी वेंकोबा राव. वय अठ्ठावन्न."

रंजनी मटकन खाली बसली. प्रतापसिंहने सरांचा दंड चाचपून पाहिला, मग दुसराही चाचपला. हेमलता किंचाळली आणि माझ्या हातातले फुगे सुटून छताला जाऊन चिकटले. सगळ्यांत जास्त धक्का बसला तो सुंदरला. तो खांबाला धरून म्हणत होता, "चाळीस वर्षांत ज्यांचं तेरावं, ते स्वतः कधीच आले नव्हते."

"हें कोण केलें?" सरांनी विचारलं.

बावीस बोटं माझ्याकडे वळली. त्यात कुशलचंही होतं.

सर आत गेले. स्वतःच्या फोटोसमोर उभे राहिले. हार सरळ केला. मग वळून एकेकाचे डोळे पाहत सुटले. रंजनीचे, हेमलताचे, प्रतापसिंहचे.

"तुम्हीं सगळे रडलां?" त्यांनी विचारलं. "माझ्यासाठीं?"

प्रतापसिंहने बाहीने नाक पुसलं. सर पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा. सांबार गार होतें आहे." त्यांनी तीनदा पायसम घेतलं. केकही कापला. टाळ्या कुणी वाजवाव्यात हे कुणाला कळेना, तेव्हा सुंदरने वही बघून एकट्याने वाजवल्या.

सोमवारी मी खिशात राजीनामा घेऊनच केबिनमध्ये गेलो. सरांसमोर माझा बदलीचा अर्ज उघडा होता. हातात पेन.

"बैस, बाबा," सर म्हणाले. एरवी ते कुणाला बसा म्हणत नाहीत. "एकतीस वर्षें नोकरी केली. लोक मला भितात, हें ठाऊक होतें. लोक रडतील, हें ठाऊक नव्हतें. कोणा माणसाला जित्यापणीं हें पाहावयास मिळतें? तुझ्यामुळें मिळालें."

"सर, मग सही..."

"तुज सारिखा माणूस मी पुण्यास पाठवूं?" त्यांनी अर्ज फाडला, अगदी मायेने, चार तुकडे करून. "मी रिटायर होईपर्यंत तूं माझ्याजवळच."

साठाव्या वर्षी, म्हणजे दोन वर्षं. मी मनातल्या मनात स्वरदाला तोंड देत होतो, तेवढ्यात सर प्रसन्न हसले.

"जित्या माणसाच्या मरणाची वार्ता उठली, कीं त्याचें आयुष्य वाढतें, म्हणतात आमच्यांत. म्हणून आज सकाळींच मी पांच वर्षांची मुदतवाढ मागितली. मिळालीसुद्धां."

स्वरदाला अजून सांगितलेलं नाही. तिला हे सांगण्यासाठी कुठेतरी छान जेवायला न्यावं, असं कुशल सुचवतोय. जागा तो निवडणार आहे.