सर्वमान्य रीडिंग

शहाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सची एकशे वीस मुलं होती आणि एक प्रयोगशाळा होती. दोघांची वर्षभर गाठ पडली नव्हती, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. मुलं कल्याणला क्लासला, प्रयोगशाळा कुलपात. जर्नल मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायचं, त्यांनी त्यांच्या मागच्यांवरून. याला गुरुपरंपरा म्हणतात.

परंपरा मोडली आंबिवलीच्या मेघनाने. तिला पुढे रक्त-लघवी तपासायचा कोर्स करायचा होता, म्हणून हाताला सवय हवी होती; आणि त्या कोर्सची प्रवेशयादी एकेका मार्कावर अडते.

"सहदेवमामा, लॅब उघडा ना."

"का गं? इन्स्पेक्शन लागलं काय?"

"नाही. प्रयोग करायचाय."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत शिपाई सहदेवमामांनी ही मागणी ऐकली नव्हती. "जर्नल हरवलं का तुझं?" त्यांनी काळजीने विचारलं.

अर्ज गेला. प्राचार्यांचा शेरा आला: 'सदर विद्यार्थिनीस प्रयोग करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा घ्यावा.' मेघनाने लिहिलं, 'अभ्यासक्रमात आहे.' यावर नियमांत उत्तर नव्हतं. नाइलाजाने कुलूप निघालं.

ब्युरेटवर दुकानाचं लेबल तसंच होतं. जांभळ्या द्रावणाची बाटली केव्हाची, ते बाटलीलाच ठाऊक. मेघनाने थेंब थेंब सोडला. फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकला तेव्हा रीडिंग अकरा पूर्णांक चार. तिनं तीनदा केलं. तीनदा तेच. पोरगी एकटीच हसली.

केमिस्ट्रीचे मोकाशी सर मात्र वही बघून घामाघूम.

"दहा पाहिजे."

"सर, मी तीनदा केलंय."

"एकशे एकोणीस जणांचं दहा आलंय, न करता! तुझं करूनही चुकलं, म्हणजे विचार कर."

"सर, बाटली जुनी आहे. सगळ्यांचंच चुकायला हवं."

या वाक्यावर समिती बसली. मुलीचं खरं धरलं तर एकशे एकोणीस मुलं खोटी, मागचे सगळे निकाल खोटे, कॉलेजची मान्यता धोक्यात. सबब विद्यार्थीहितास्तव मुलगी खोटी. ठराव झाला: 'सदर विद्यार्थिनीने प्रयोग प्रत्यक्ष करून सर्वमान्य रीडिंगमध्ये फेरफार केला. दुरुस्ती न केल्यास प्रात्यक्षिकात शून्य.'

"लिहून टाक गं दहा," सहदेवमामा हळूच म्हणाले. "विज्ञान कुठं जात नाही. मार्क जातात."

मेघनाने खोडरबर मागितला. तीसपैकी तीस पडले.

कोर्स झाला. आता ती कल्याण स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये आहे. पहिल्या दिवशी तिनं एक नमुना दोनदा तपासला, तर मालक खेकसला, "काय रिसर्च चाललाय? रांग बघ बाहेर!" मेघनाला हे शिकवायला फार वेळ लागला नाही. ती आधीच शिकून आली होती.

परवा उपाशीपोटी तुम्हीच तिथे रक्त देऊन आलात. साखर शंभर. तुमच्या पुढच्याची शंभर, मागच्याची शंभर. तुम्ही कागदावर 'नॉर्मल' वाचलंत, समोरच्या दुकानात जिलबी मागवलीत, आणि ती खाता खाता बारावीतल्या लेकीला फोन लावलात:

"काय गं, जर्नल उतरवून झालं का?"