आम्ही आलो तेव्हा असंच होतं

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी जंगलात राहून राहून कंटाळले होते.

हसू नका. कंटाळा कुणालाही येतो. रोज तेच झाड, तीच सावली, तोच ओढा. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की वर्षातून चार दिवस तरी निसर्गाच्या सान्निध्यात काढायला हवेत. म्हणून त्यांनी जंगलातच, तळ्याच्या काठावर, सगळ्यांसाठी मिळून एक सुट्टीघर बांधायला घेतलं.

घर झकास झालं. सागवानी दार, लाल कौलं, शेणाने सारवलेली जमीन, ओसरीवर झोपाळा आणि तळ्याकडच्या खोलीत सुंभाने विणलेली बाज. सगळ्यांनी श्रमदान केलं. हत्तीने ओंडके वाहिले, माकडांनी कौलं चढवली, आणि वाघोबा महाराजांनी पायाच्या पहिल्या दगडावर पंजा ठेवला. सगळ्यात जड काम त्यांचंच होतं, असं निदान ते तरी सांगत.

एकच अडचण होती. घराचा पाया खणला तिथे खवल्याचं बीळ होतं.

खवल्या म्हणजे खवले मांजर. मांजर फक्त नावाला. अंगभर खवले, लांब जीभ, मुंग्यांवर गुजराण, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणी आवाज चढवला की तो अंगाचा गोळा करून पडून राहायचा. पायाचे दगड बिळात कोसळले तेव्हाही तो गोळा करूनच पडला होता. सगळ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की खवल्याची काही हरकत नाही.

पण वाघोबा न्यायी होते. ते म्हणाले, "खवल्या, तू या घराचा राखणदार. मागची कोपऱ्यातली खोली तुझी आणि तुझ्या बायकोची. घर शाबूत आहे तोवर खोली तुझी. दिवाळीच्या पाडव्याला मी स्वतः पाहणी करीन. मोडतोड दिसली तर बोचकं उचलायचं."

खवल्याने मान डोलावली. त्याची बायको ठकू पोटुशी होती. आपलं पिल्लू उघड्यावर जन्माला येऊ नये, छपराखाली यावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढंच हवं असणाऱ्यांचे हाल कसे होतात, ते आता ऐका.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. पाहुणा म्हणजे देव. पाहुण्याला दोष द्यायचा नाही, आणि 'कधी निघणार?' असं तर मुळीच विचारायचं नाही. फार पूर्वी एका सशाने एका अस्वलाला तसं विचारलं होतं म्हणे. अस्वल इतकं दुखावलं, इतकं दुखावलं, की त्याची समजूत काढता काढता सशाचं पुढे काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं.

तर पहिले पाहुणे आले उकरराव रानडुक्कर. सहकुटुंब. उकररावांच्या स्वतःच्या घरी पाय पुसल्याशिवाय आत यायची कुणाची टाप नव्हती. इथे मात्र सारवलेली जमीन पाहिली आणि त्यांचं नाक शिवशिवलं.

"अहाहा! काय जमीन आहे!" ते म्हणाले. "मुलांनो, खणा. सुट्टी आहे."

संध्याकाळपर्यंत त्या जमिनीत ज्वारी पेरता आली असती. खवल्या हात जोडून पुढे आला.

"उकरराव, ती जमीन..."

"बरं झालं तुम्हीच विषय काढलात, काका," उकरराव म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा असंच होतं. आमच्या धाकट्याला ठेच लागली. पण आम्ही काही बोललो नाही. म्हटलं, जाऊ द्या."

उकररावांनी इतका मोठेपणा दाखवल्यावर खवल्या काय बोलणार? पाहुणे गेल्यावर त्याने शेण कालवलं आणि पुन्हा सगळी जमीन सारवली.

मग झुलाकाकू आल्या. काकू माकडांच्या टोळीतल्या, आणि जंगलभर संस्कारवर्ग चालवणाऱ्या. सोबत भाचे, पुतणे, नातवंडं आणि वर्गातली मुलं. दारातूनच त्या ओरडल्या, "पोरांनो, घर आपलंच आहे बरं का!"

पोरांना तेवढंच हवं होतं. अर्धी कौलांवर चढली, अर्धी झोपाळ्याला लटकली. झोपाळ्याची दोरी तुटली. खवल्या घाबरून गोळा झाला. पोरांनी पाहिलं, अरे वा, चेंडू! त्यांनी ओसरीवर खेळ मांडला. चेंडू माठावर आदळला आणि माठ फुटला.

"अगं बाई, काका!" झुलाकाकूंनी गालावर हात मारला. "चांगला भरलेला माठ फोडलात की हो तुम्ही! आता मुलांनी प्यायचं काय?"

आणि खरंच होतं ते. माठाला लागला होता खवल्याच.

त्यानंतर आले गजाभाऊ हत्ती. त्यांच्या पाठीला खाज होती आणि ओसरीला खांब होता. गजाभाऊ तीन वेळा पाठ घासून बाजूला झाले तेव्हा खांब तळ्याकडे वाकून पाहत होता.

"असाच होता," गजाभाऊ म्हणाले. "उलट मीच टेकून त्याला सरळ करायला बघत होतो. म्हटलं, काकांना तेवढीच मदत."

शेवटी खुद्द वाघोबा महाराज विश्रांतीला आले. सकाळी उठून त्यांनी सागवानी दारावर नख्या काढल्या, वरपासून खालपर्यंत. त्याला मोडतोड म्हणायचं नाही हं, मुलांनो. त्याला दाराला महाराजांचा सहवास लाभला असं म्हणायचं.

खवल्या दिवसभर सारवत होता, कौलं बसवत होता, दोऱ्या वळत होता. एक नीट करेपर्यंत दुसरं निखळायचं. दिवाळी जवळ येत चालली. ठकूला आता उठबसही जड जाऊ लागली. खवल्याला घास गोड लागेना. तो खोलीच्या कोपऱ्यात बसून म्हणाला, "ठकू, आपलं काही खरं नाही. बीळ गेलं, आता खोलीही जाणार. तुला घेऊन मी कुठे जाऊ?"

ठकू कूस बदलत म्हणाली, "अहो, एवढं रडताय कशाला? ते मोडतात आणि वर म्हणतात, आधीच मोडलेलं होतं. होय ना?"

"होय."

"मग आधीच मोडून ठेवा."

"आं?"

"त्यांचं बोलणं खरं करा एकदा. मोडायला काही उरलंच नाही, तर मोडणार काय, कपाळ?"

खवल्याला पटेना. ज्या हातांनी सारवलं त्या हातांनी मोडायचं? पण त्याने ठकूच्या पोटाकडे पाहिलं आणि तो उठला. वारुळं फोडणाऱ्या नख्या त्या. त्याने बाजेचा एक पाय उपटला. छपरावरची कौलं सरकवली. नव्या माठाला भोक पाडलं. झोपाळ्याची एक दोरी कुरतडली. प्रत्येक वेळी तो त्या वस्तूला हळूच म्हणायचा, "माफ कर हं."

उकरराव पुन्हा आले. त्यांना ते घर फार आवडलं होतं. ते बाजेवर टेकले आणि बाजेसकट कोलमडले.

"काका!" ते ओरडले. "ही बाज मोडलेली आहे!"

"हो का?" खवल्या म्हणाला.

"आम्ही आलो तेव्हा असंच होतं हे! शपथेवर सांगतो!"

"सगळे असंच म्हणतात," खवल्या म्हणाला. त्याने दोष दिला नाही. रीत त्याला ठाऊक होती.

उकररावांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलत होते आणि नेमकं तेच कुणाला पटण्यासारखं नव्हतं. ते बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, पुढच्या पाहुण्यांना वाटेल आपणच मोडली. आपल्या घराण्याची अब्रू जाईल."

"मग काय करायचं?"

"गुपचूप नीट करून ठेवू."

घरी साधी खुंटी न ठोकणारे उकरराव दिवसभर बाजेखाली आडवे होते. त्यांनी पाय बसवला. नुसता बसवला नाही, पाचर मारून असा घट्ट केला की बाज हलेना. सुंभही नव्याने आवळला.

झुलाकाकूंना कौलं सरकलेली दिसली. त्या किंचाळल्या, "लोक म्हणतील, संस्कारवर्गवाल्या बाईंच्या पोरांनी केलं!" आणि सगळ्या पोरांना छपरावर चढवून एकेक कौल बसवून घेतलं. माठ नवा आणला. झोपाळ्याला दुप्पट जाड दोरी बांधली. गजाभाऊंना वाकलेला खांब सोंडेत धरून सरळ करावा लागला, कारण त्या ओसरीवर दुसरा कुणी खांब वाकवू शकेल हे कुणालाच पटलं नसतं. खांबाच्या बुडाशी त्यांनी दगडही भरले.

पाहुणे गेले की खवल्या पुन्हा मोडायचा. नवे पाहुणे आले की पुन्हा जोडायचे, आणि आधीच्यापेक्षा बळकट. दिवाळी आली तेव्हा ते घर बांधलं तेव्हापेक्षाही भक्कम होतं. सागवानी दारावरचे ओरखडेसुद्धा कुणीतरी घासून, तेल लावून बुजवले होते. पाहणीच्या आदल्या दिवशी वाघोबा महाराज मिशा पुसत तिकडून येताना दिसले होते, पण त्याबद्दल बोलायची रीत नाही.

पाडव्याला अख्खं जंगल जमलं. वाघोबांनी बाज हलवून पाहिली, झोपाळ्यावर बसून पाहिलं, माठातलं पाणी पिऊन पाहिलं.

"वा! वा! कुणी ठेवलं हे इतकं छान?"

खवल्या एक पाऊल पुढे येणार, तोवर उकरराव म्हणाले, "बाज मी दुरुस्त केली, महाराज."

"कौलं, माठ आणि झोपाळा आमच्याकडचे," झुलाकाकू म्हणाल्या.

"खांब माझा," गजाभाऊ म्हणाले.

"आणि खवल्याने काय केलं?"

मग गजाभाऊंनी सोंड खाजवली. ते भोळे होते. ते म्हणाले, "महाराज, परवा मी मुक्कामाला येत होतो, तेव्हा खवल्याकाका छपरावर बसून कौलं काढत होते."

जंगलात 'हां' असा एक मोठा आवाज झाला. आता पाहा, मुलांनो, या सगळ्यांनी इतके दिवस त्या घरात काय काय मोडलं होतं. पण ते पाहुणे होते. खवल्या पाहुणा नव्हता. त्याला दोष द्यायला रीत आड येत नव्हती. सगळ्यांच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं.

"खवल्या, हे खरं?" वाघोबांनी विचारलं.

"खरं, महाराज. पण मी मोडलं म्हणून त्यांनी जोडलं. नाहीतर त्यांनीच..."

"त्यांनी काय?"

पुढचं वाक्य पाहुण्यांना दोष देणारं होतं. खवल्याने ते गिळलं आणि गोळा होऊन जमिनीवर पडला. आतल्या आत तो रडत होता. बाहेरून ते कुणाला दिसलं नाही.

"म्हणजे या घरात मोडतोड करणारा एकच," वाघोबा म्हणाले, "आणि तो राखणदार! खोली आत्ताच्या आत्ता खाली कर. आजपासून राखणदार उकरराव."

टाळ्या झाल्या. उकरराव लाजले आणि त्याच पावली बायकामुलांसह मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरले.

ठकू बोचकं घेऊन बाहेर आली. "चोर सोडून संन्याशाला फाशी," ती पुटपुटली. कळा सुरू झाल्या होत्या, पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही. तिने नवऱ्याच्या गोळ्याला पायाने ढकलत ढकलत मागच्या अंगणातून नेलं, घराला वळसा घातला आणि पुढच्या दारासमोर आणून थांबवलं.

"उठा. सरळ उभे राहा. आणि जरा ऐटीत," ती म्हणाली. मग तिने कडी वाजवली. "आहे का कुणी घरात?"

उकरराव धावत आले. नवी नवी राखणदारी होती.

"आम्ही हवापालटाला आलोय," ठकू म्हणाली. "तळ्याकडची खोली मोकळी आहे ना?"

उकररावांनी वाघोबांकडे पाहिलं. वाघोबांनी आभाळाकडे पाहिलं. अख्खं जंगल उभं होतं, आणि रीत म्हणजे रीत.

"या, या," उकरराव म्हणाले. "बसा. गूळपाणी आणतो."

पिल्लू त्याच दिवशी झालं, तळ्याकडच्या खोलीत, घट्ट आवळलेल्या बाजेवर. दिवाळी सरली, थंडी सरली, शिमगाही झाला. उकरराव रोज सकाळी पाणी तापवून द्यायचे. त्यांच्या ओठांवर एक प्रश्न यायचा आणि ते तो परत गिळायचे.

एक दिवस खवल्या बाजेवर पडून वर पाहत होता. एक कौल जरासं सरकलं होतं. पावसात तिथून गळलं असतं. त्याच्या नख्या शिवशिवल्या आणि तो उठून बसला.

ठकूने त्याचं शेपूट धरून त्याला खाली ओढलं.

"झोपा गुमान," ती म्हणाली. "दुरुस्ती करताना कुणी बघितलं तर पुन्हा राखणदार करतील."

तात्पर्य : मुलांनो, चार दिवस राहायला गेलेली जागा आपल्या घरासारखी जपावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकून घ्या, परीक्षेत विचारतात. पण जागा जपणाऱ्याला राहायला कोपरा मिळतो आणि तोही पाहणीपुरता. तळ्याकडची खोली हवी असेल, तर कशालाही हात लावू नये आणि गूळपाणी येईपर्यंत ऐटीत बसावं.