घरं काढणाऱ्या सिस्टर

सकाळी दूध घ्यायला मी दार उघडतो, तेव्हा शेजारच्या ओट्यावरून पहिली बातमी येते.

"सर, मालावीत पाऊस थांबला म्हणं. बरं झालं बाई."

आमच्या गल्लीला आता याची सवय झालीय. पण नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं.

"हे मालावी सेलूकडं आलं का मानवतकडं?"

"आफ्रिकेत आलं."

मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. "मग बाईचं कोण हाय तिथं?"

"कुणी न्हाई. त्या तिथली घरं काढतात."

"काढतात म्हंजे? अतिक्रमणात?"

आता हे कसं समजवायचं! जगात कुठं पूर आला, भूकंप झाला, की वरून उपग्रहानं घेतलेली चित्रं सगळ्यांसाठी खुली होतात. मग देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून त्या चित्रांत दिसणाऱ्या छपरांवर रेघा मारतात. इथं घर आहे, इथं पायवाट आहे, इथं पूल. त्याचा नकाशा होतो आणि मदत घेऊन जाणारी माणसं तो बघून निघतात. कुणाला पगार नाही, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. आणि या सगळ्या जगड्व्याळ कारभारात जिंतूरहून आमच्या इंदूबाई गायकवाड, म्हणजे सिस्टर, सामील आहेत.

सिस्टर आरोग्य खात्यात नर्स होत्या. तालुक्यातली वाडी न् वाडी, तांडा न् तांडा त्यांनी लस देत पायाखाली घातलेला. नवरा नोकरीत असतानाच गेला. मुलगा पुण्याला. त्यानं आपला जुना लॅपटॉप आईला आणून दिला तो एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. सुरुवातीला रोज दिसायची, मग रविवारी, मग सणाला.

त्याच सुमारास सिस्टर परभणीला विद्यापीठात कसल्या तरी मेळाव्याला गेल्या. ऊन मरणाचं. शेजारच्या हॉलात पंखे फिरताना दिसले म्हणून तिथं जाऊन बसल्या. तिथं एक पोरगी नकाशा काढायला शिकवत होती. पंख्यासाठी गेलेल्या बाई संध्याकाळच्या बसनं नकाशावाल्या होऊन परत आल्या.

काम करायला बसायच्या आधी त्या साबणानं हात धुतात. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, लॅपटॉपला काय जंतू लागणार हायेत?"

"लोकाच्या घरात जायलोत आपण, सर."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "छप्पर दिसलं की सोडायचं न्हाई." पोलिओच्या डोससारखंच हेही. बोटाला शाई लावायची तेवढी बाकी. माझी बायको सुनंदा भाजी घेऊन गेली, तर तिला बसवून म्हणतात, "ही बघ, लय गरीब वस्ती हाय गं. दारात एक झाड न्हाई." सुनंदाला पडद्यावर फक्त राखाडी ठिपके दिसतात. तरी ती हळहळून येते आणि मला जेवताना मालावीची हकीकत सांगते.

एकदा मात्र मोठं भांडण झालं. काढलेला नकाशा तपासायला दुसरी माणसं असतात. सिस्टरचा नकाशा जर्मनीतल्या हान्स नावाच्या गृहस्थांकडं गेला. रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी कळवलं की बाईंनी एक अख्खी वस्ती काढलीय, पण ती घरं नाहीत, चाऱ्याच्या गंजी आहेत.

सिस्टर भडकल्या. "तिथं रेल्वेत बसून ह्याला काय कळायलंय गरिबाचं घर!"

मी चष्मा लावून चित्र मोठं करून बघितलं. गंजीच होत्या. त्यातली एक तर बैल खात होता.

सिस्टरनी परत एकदा निरखून बघितलं. मग त्यांनी मराठीत माफी लिहिली आणि लॅपटॉपनं तिचं भाषांतर केलं. शेवटी सवयीनं लिहिलं, "चहा झाला का भाऊ?" आता जर्मनीत असं कुणी विचारत नसावं. हान्सरावांनी सविस्तर उत्तर दिलं की आपण चहा घेत नाही, कॉफी घेतो, ती झालेली आहे, आणि चौकशीबद्दल आभार. तेव्हापासून हे रोजचंच झालं. इकडून चहाची चौकशी, तिकडून कॉफीचा खुलासा. सिस्टर त्यांना हान्सभाऊ म्हणायला लागल्या. मालावीतली ग्रेस नावाची मास्तरीणही त्यांच्यात आली. ती आपल्या वर्गातल्या पोरांच्या खोड्या कळवायची.

गेल्या पावसाळ्यात मात्र सगळं उलटं झालं. पाऊस उसंतच घेईना. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले आणि पूर्णा पात्राबाहेर आली. सकाळी ओट्यावरून आवाज आला नाही, म्हणून मी शेजारी गेलो.

सिस्टर लॅपटॉपपुढं बसल्या होत्या. पडद्यावर आपलाच तालुका होता. या खेपेला जग आपल्याकडं कामाला लागलं होतं. सिस्टरचा हात माउसवर होता, पण हलत नव्हता.

"काय झालं सिस्टर?"

"ह्या घरात बारशाला गेलते मी, सर." त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितली म्हातारी सुई बघितली की पळायची. हितं जुळे झालते. रेघच मारू वाटंना."

त्यांनी तेवढंच हान्सभाऊंना लिहिलं. माझी गावं हायेत, हात चालंना. थोड्या वेळानं उत्तर आलं. यंत्रानं त्याचं नेहमीप्रमाणं काहीतरीच मराठी केलं होतं. 'बहीण, तू आज बस. आम्ही तुझी घरे ओढत आहोत.'

मला हसू आलं होतं, पण ते तोंडातच राहिलं. पडद्यावर खरंच नदीकाठची घरं एकेक करून रेघेत यायला लागली होती. कुठला कोण, कुठं बसून ओढत होता.

सिस्टरनी डोळे पुसले आणि फोन उचलला. जुन्या ओळखीतल्या गावोगावच्या आशाताई, सरपंच, दुकानदार, ज्याचा नंबर सापडेल त्याला विचारू लागल्या, "वर शाळेत गेलात का? म्हातारीला घेतलं का?" दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. सुनंदानं त्यांना तिथंच दोन घास भरवले. शेतं गेली, भिंती पडल्या, पण सिस्टरच्या ओळखीतली माणसं सगळी आपापल्या गावच्या शाळेच्या गच्चीवर सापडली.

पाणी ओसरल्यावर ग्रेसबाईंचा निरोप आला. आसपासचा भाग काढताना जिंतूरचा एक तुकडा तिच्या वाट्याला आला होता. तिनं विचारलं होतं, "मी तुमची गल्ली काढली. तुमचं घर कोणतं?"

आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. देवळाचा कोपरा सापडला, पाण्याची टाकी सापडली, आमची गल्ली सापडली. माझं घर मात्र ऐसपैस मोठं दिसत होतं, आणि सिस्टरचं घर कुठंच नव्हतं.

मग लक्षात आलं. आमच्या दोन घरांमध्ये एक बोळ आहे. मोटारसायकल उभी करायला मी त्याच्यावर पत्रे टाकलेत. वरून बघणाऱ्याला ते सगळं एकच छप्पर दिसलं होतं. ग्रेसबाईंनी दोन्ही घरांभोवती मिळून एकच रेघ मारली होती.

"चुकलं बिचारीचं," मी म्हणालो. "मधून एक रेघ मारा सिस्टर. तुमचं घर वेगळं दाखवा."

सिस्टर कधी चूक ठेवायच्या नाहीत. त्यांनी माउस बोळापर्यंत नेला. तिथं थांबल्या. सुनंदाकडं बघितलं, मग परत पडद्याकडं.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या हळू म्हणाल्या. "वरून एकच दिसायलंय, तर असू द्या एकच."

आणि लॅपटॉप मिटून त्या हात धुवायला गेल्या. सुनंदा मागोमाग उठली आणि मोरीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "सिस्टर, आज चूल पेटवू नका. आपल्याकडं वरणफळं हायेत."