किर्रोसचा होकार

बळी जाणाऱ्या बोकडाने स्वतः मान हलवून होकार दिल्याखेरीज त्याच्या गळ्याला सुरी लावायची नाही, असा मेलोरा नगरीचा कायदा होता. डोंगरापलीकडचे रानटी लोक जनावराला न विचारता कापत, आणि मेलोराकर त्यांना नावं ठेवत. आर्टेमिस देवीच्या उत्सवात पुजारीण बोकडाच्या कपाळावर पाणी शिंपडी, बोकड मान झटके, आणि कारकून 'राजीखुशीने संमती' अशी नोंद करी. पाणी थेट डोंगरातल्या झऱ्यातून आणलेलं, दातखीळ बसावी इतकं गार असे. ही बाब नोंदवण्याची पद्धत नव्हती.

विचारायचं मात्र पहिल्याच बोकडाला. त्याने मान हलवली की मागे बांधलेल्या चाळिसांची संमती त्यातच आली असं समजत. सूर्यास्तापर्यंत होकार मिळाला नाही, तर सगळ्या बोकडांना देवीच्या रानात मोकळं सोडायचं, असंही एक कलम कायद्यात होतं. ते अजून कुणाला वापरावं लागलं नव्हतं.

यंदा सोडतीत पहिल्या बोकडाचा मान मिक्कोसच्या किर्रोसला मिळाला. मिक्कोस शेळ्या राखून चीज विकणारा म्हातारा. किर्रोसची आई वितानाच मेली, तेव्हा त्याने चिंधी दुधात बुडवून, ती चोखायला देऊन हे पिल्लू जगवलं होतं. सोडतीची बातमी आली त्या दिवशी तो जेवला नाही. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सोडत देवी काढते असं मानलं जाई.

एक गोष्ट मात्र नगरीला ठाऊक नव्हती. किर्रोस जगात कुणालाही जुमानत नसे, गार पाण्याला तर मुळीच नाही. तो फक्त मिक्कोसच्या हाकेला मान हलवी. "किर्रू बाळा" म्हटलं की दोनदा, ठरलेली.

"मग आज काय करणार?" उत्सवाच्या सकाळी मिक्कोसच्या बायकोने, नान्नोने, विचारलं.

"काही नाही. तोंड बंद ठेवणार."

"तेवढं केलंस तर वाचेल बिचारा. पण तुला जन्मात कधी जमलंय का ते?"

देवीचं देऊळ मोठं देखणं होतं. आत गारव्यात देवी उभी, आणि वेदी बाहेर उन्हात. भक्तांनी भाजावं आणि देवीने दारातून बघावं, अशी ती रचना होती. पुजारीण थेआनो टोपली घेऊन आली. टोपलीत जव होते आणि जवाखाली सुरी लपवलेली होती. बोकडाला वाईट वाटू नये, एवढीच भावना.

थेआनोने पाणी शिंपडलं. किर्रोसने डोळे मिटून घेतले आणि तो समाधानाने उभा राहिला. तिने ओंजळभर टाकलं. मग घागर रिकामी केली. किर्रोसने तोंड वर करून ओघळणारं पाणी चाटलं.

"अंघोळ घालताय की विचारताय, बाई?" मागून कुणीतरी ओरडलं. रात्रीपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. बाजूला कढया चढल्या होत्या.

नगरप्रमुख लाम्पिस पुढे झाला. अडचण समजावून सांगितल्यावर सुटते, यावर त्याचा फार विश्वास होता.

"किर्रोस," तो खाकरून म्हणाला, "तुझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. निर्णय सर्वस्वी तुझा. पण तुझ्या मागे चाळीस जण ताटकळलेत, त्यांचा तरी विचार कर."

किर्रोसने विचार केला आणि लाम्पिसच्या डोक्यावरची ऑलिव्हची माळ ओढून खाल्ली.

"याला संमती म्हणून लिहू का?" कारकुनाने विचारलं.

"अजिबात नाही," थेआनो कडाडली. "संमती मानेने द्यायची असते. तोंडाने काय, कुणीही काहीही करतं."

"मग दुसरा बोकड घेऊ," लाम्पिस म्हणाला.

"म्हणजे देवी चुकली म्हणायचं?"

लाम्पिस एक पाऊल मागे सरला. आर्टेमिसबद्दल मेलोरात पुष्कळ काही बोललं जाई. तिला अंघोळ करताना पाहिलं म्हणून तिने एका शिकाऱ्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांना त्याला फाडून खायला लावलं, हे लोक पोरांना झोपवताना सांगत. ती रागीट आहे असं म्हणायला हरकत नव्हती. ती चुकली असं म्हणणं मात्र देवीचा अपमान ठरला असता.

"न विचारताच कापला तर?" खाटिकाने आपलं सुचवून पाहिलं.

"आपण काय रानटी आहोत?" थेआनो म्हणाली. पोटात कावळे कोकलत असूनही लोकांना हा मुद्दा पटला.

दुपार कलली. मग एका समितीने बोकडाच्या मानेचं निरीक्षण केलं आणि मान हलण्याजोगी आहे, असा अहवाल दिला. दुसऱ्या समितीने कानाची हालचाल मानेत धरावी का, यावर वाद घातला आणि ती दमून सावलीला गेली.

मिक्कोस दातांत जीभ धरून बसला होता. शेजारी त्याचा वीस वर्षांचा मुलगा ओनासोस कुरकुरत होता. "बाबा, पार पाठीला लागलंय पोट. तुमचा बोकड काय नगरप्रमुख आहे का, सगळ्यांना ताटकळत ठेवायला?" मिक्कोस हूं की चूं करेना. सूर्य खाली चालला होता. आता अर्धा प्रहर राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी करून दाखवतोय असं त्याला वाटत होतं.

लाम्पिस येऊन त्याच्याशेजारी चक्क जमिनीवर बसला. मागोमाग एक पाथरवट आला.

"मिक्कोसकाका, तुमच्यावर माझा राग नाही. उलट, असा स्वाभिमानी बोकड वाढवणारा माणूस आपल्या नगरीत आहे, हे मला आज कळलं. देवळाच्या दर्शनी भागात शिळा लावायचं ठरवलंय. सभेत पहिल्या रांगेत जागा. कायमची."

"माझ्या नावाची शिळा?"

"बापाचंही नाव टाकायचं ना?" पाथरवटाने विचारलं.

मिक्कोसचा बाप मेला तेव्हा त्याच्या थडग्यावर साधा धोंडासुद्धा ठेवता आला नव्हता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"टाका. सोसिबिओस म्हणत त्याला."

"वा!" लाम्पिस हळुवारपणे म्हणाला. "काका, तुम्ही किती मायेने वाढवलंत हो त्याला! हाक कशी मारता?"

"मी होय? मी आपलं म्हणतो, किर्रू बाळा..."

हे बोलताना आपण काय करतोय ते आपल्याला कळलंच नाही, असं मिक्कोस पुढे सगळ्यांना सांगे. नान्नोने त्यावर कधीही विश्वास ठेवला नाही.

वेदीपाशी किर्रोसने वळून पाहिलं आणि मान हलवली. दोनदा.

"संमती!" कारकून ओरडला. बायकांनी आरोळी ठोकली, जव उडाले, टोपलीतली सुरी बाहेर आली. चरबीत गुंडाळलेली हाडं जाळून त्यांचा धूर देवीला पाठवण्यात आला. प्रॉमिथिअसने एकदा देवांचा राजा झ्यूस याला फसवून हाडांचा वाटा निवडायला लावला होता, तेव्हापासून देवांना हाडं आणि माणसांना मांस अशी वाटणी चालत आली होती. देवांनी त्याबद्दल पुन्हा चौकशी केली नाही, आणि मेलोराकरांची देवावरची श्रद्धा त्यामुळे फार दृढ होती.

मांडीचा वाटा मिक्कोसला मिळाला. तो रडत रडत जेवला. वाटा त्याने परत केला नाही. शिळेवर 'सोसिबिओसपुत्र मिक्कोस, ज्याच्या बोकडाने स्वखुशीने देवीची सेवा केली' असं कोरलं गेलं, आणि लोक ते वाचून गहिवरत.

पुढच्या महिन्यात देवळाच्या पायऱ्यांवर नगरसभा भरली. लाम्पिस दरवर्षी 'मेलोराच्या नागरिकांनो' असं म्हणून सुरुवात करी, आणि मग तासन्‌तास भांडणं होत. या खेपेला त्याने ठरावाची फळी बाजूला ठेवली, तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि हात पसरून म्हणाला, "माझ्या लाडक्या मेलोराकरांनो!"

ठराव एकमताने मंजूर झाला. चर्चा झाली नाही. मिक्कोस आनंदात घरी आला.

"कशाचा होता ठराव?" नान्नोने विचारलं.

"लढाईचा काहीतरी. गलबतं जायचीत. घरटी एक तरणा माणूस."

ओनासोसच्या हातातली भाकरी हातातच राहिली. नान्नो नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आणि तू हो म्हणालास?"

"मी कुठे काही बोललो? मान हलली फक्त."

"का पण? काय म्हणून हलवलीस?"

"अगं," मिक्कोस म्हणाला, "किती मायेने हाक मारली त्याने!"