सबनीस काकांचं अ‍ॅडलेड

डच लोकांच्या घरी वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात लावलेलं असतं. बसल्या बसल्या कोणाचा वाढदिवस जवळ आलाय ते दिसावं, एवढाच उद्देश. उइटहॉर्न या डच गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या सबनीस काकांनीही ही रीत उचलली आहे. फक्त त्यांच्या कॅलेंडरवर घरातलं कोणी नाही. तिथे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहराचे महापौर आहेत, गव्हर्नर आहेत, ते शहर आखणारा कर्नल आहे, बायकांच्या मताच्या हक्कासाठी भांडलेली एक खमकी बाई आहे. सगळी मंडळी केव्हाच वर गेलेली. ज्यांची जन्मतारीख सापडली नाही, त्यांची नेमणुकीची तारीख टाकली आहे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी तिथून जरा उशिराच बाहेर आले, तर काका दाराशी उभे. "वाचलंत ना? कुठपर्यंत आलात? मार्च झाला?"

काका साठीला टेकलेत. झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतात. म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढतात, आणि घरी आल्यावर तेच काम हौसेनं पुढे चालू ठेवतात. "नोंद घ्या" हे त्यांचं पालुपद. एकदा मी बेसावधपणे म्हणून गेले, "अ‍ॅडलेड म्हणजे ते सिडनीच्या बाजूलाच ना?" काका म्हणाले, "नोंद घ्या, मीनल." त्या दिवशी चहा दोनदा गरम करावा लागला.

इथे ज्याचा वाढदिवस असतो तोच ऑफिसात केक आणतो आणि सगळ्यांना खायला घालतो. काका कर्नलच्या वाढदिवसाला केक नेतात. सहकाऱ्यांनी विचारलं, की म्हणतात, "त्यांना स्वतः यायला जमण्यासारखं नाही." डच माणसं शिस्तीची. त्यांनी रांगेनं काकांशी हस्तांदोलन केलं, अभिनंदन केलं आणि केक संपवला.

मागे गेमेन्तेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, आमच्या गल्लीतल्या हिरवळीचा तुकडा तोडून पार्किंग करायचं काढलं आणि रहिवाशांची सभा बोलावली. काका उठले आणि आपल्या पुणेरी डचमध्ये दहा मिनिटं बोलले. कर्नलनं शहराभोवती बागांचा पट्टा कसा राखून ठेवला, लोकांनी त्याला किती नावं ठेवली, जागाच चुकीची निवडली म्हणाले, तरी गडी कसा हलला नाही. पालिकेच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि आदबीनं विचारलं, "हे कर्नल कितव्या नंबरच्या घरात राहतात?" हिरवळ शेवटी वाचली. कोपऱ्यावरच्या डच आजी दारोदार फिरून सह्या गोळा करत होत्या, त्यामुळे वाचली. पण काका श्रेय कर्नललाच देतात.

"आमच्या घरात आम्ही तिघं," माधवी काकू सांगतात. "मी, हे आणि तो कर्नल. जेवायला बसत नाही एवढंच नशीब."

गंमत म्हणजे काकांनी अ‍ॅडलेड कधी पाहिलेलं नाही. तिथे त्यांची मुलगी असते, सई. तीन वर्षांपूर्वी तिनं इथलं हॉस्पिटल सोडून तिकडची नोकरी धरली. बापाला विचारलं नाही, ठरल्यावर सांगितलं. काका जेवता जेवता बोलून गेले, "जाऊन जाऊन अ‍ॅडलेड? त्या गावात आहे काय?" सई ताटावरून उठली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो तो आईला. काकांनी चुकून उचललाच, तर "हाय बाबा, ऑल गुड, आई आहे?" यापुढे गाडी जात नाही.

काकूंनी मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं. माफी मागणं काकांच्या स्वभावात नाही. मग त्या गावात आहे काय, ते त्यांनी वाचायला घेतलं. सुरुवातीला एका रविवारी सईला कर्नलची अख्खी हकीकत ऐकवायलाही गेले. "बाबा, आय लिव्ह हिअर," ती म्हणाली आणि फोन आईकडे गेला. तिला सांगायचं राहिलेलं ते सगळं आम्ही बाकीचे ऐकतो. हे कळल्यापासून मला काकांचा कंटाळा जरा कमी येतो. जराच.

गेल्या रविवारी सकाळी माझ्या सायकलची चेन उतरली म्हणून मी ती काकांच्या शेडमध्ये नेली. काकू पोहायला गेल्या होत्या. काकांचे दोन्ही हात वंगणानं काळे झालेले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर सईचं नाव होतं.

"मीनल, घ्या, घ्या, कट होईल!" काका ओरडले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"हाय बाबा. आई फोन उचलत नाहीये."

"पोहायला गेली आहे. येईल अर्ध्या तासात."

"ओके."

एरवी इथेच फोन बंद होतो. काकांनी हातातला पाना घट्ट धरून ठेवला होता. तिकडून रस्त्याचे आवाज येत होते.

"माझी ट्राम मिस झाली. सो आय अ‍ॅम वॉकिंग," सई म्हणाली. "बाबा, इथे फुटपाथमध्ये ना, ब्राँझच्या पाट्या आहेत. लोकांची नावं. रोज त्यांच्यावरून चालते मी. हे सगळे कोण आहेत, डू यू नो?"

मी काकांकडे पाहिलं. त्या पाट्यांवरची निम्मी माणसं आता मलासुद्धा पाठ आहेत. तीन वर्षं ज्या प्रश्नासाठी काका तयारी करत होते, तो समोरून चालत आला होता. मी सायकलची आशा सोडली.

"नाही गं," काका म्हणाले. "मला कुठे माहीत? वाच बघू काय लिहिलंय."

ती वाचायला लागली. एक डॉक्टर झाला, एक शाळा काढणाऱ्या बाई झाल्या, वाळवंट पार करणारा कोणी झाला. "अजून एक?" ती विचारायची आणि काका म्हणायचे, "हं, वाच की." एका पाटीपाशी ती म्हणाली, "हा बहुतेक पहिला मेयर असणार." तो चित्रकार होता. काकांची भुवई वर गेली, ओठ हलले.

"असेल, असेल," ते म्हणाले.

मी उगीच चेनकडे बघत बसले.

इतक्यात ओल्या केसांनी काकू शेडच्या दारात आल्या. सईचा आवाज ऐकून त्यांनी सवयीनं फोनसाठी हात पुढे केला. काकांनी काळा पंजा वर करून त्यांना तिथल्या तिथे थोपवलं.

"बाबा, आई आली का?"

काकांनी समोर उभ्या असलेल्या काकूंकडे नीट पाहिलं.

"नाही अजून," ते म्हणाले. "तू पुढची वाच."

काकू दाराशी ठेवलेल्या खोक्यावर बसल्या आणि टॉवेलनं केस पुसू लागल्या.