प्रेशरसाहेब आणि दमलेली गाडी

जगातल्या यच्चयावत दुखण्यांच्या मुळाशी दाब असतो, अशी प्रेशरसाहेबांची श्रद्धा होती. नळाला पाणी येत नाही? दाब कमी. माणूस भलत्या वेळी भडकतो? दाब जास्त. दूध उतू जाणं, संसार मोडणं, सरकार पडणं, सगळा दाबाचा खेळ! आणि पाणीपुरवठा खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे बोलायचा अधिकारही होता. अर्ध्या शहराच्या नळांचा दाब त्यांच्या एका सहीनं कमीजास्त होत असे. फक्त त्यांच्या स्वतःच्या बाथरूममधल्या नळाला गेली कित्येक वर्षं करंगळीएवढी धार येत होती. त्यांची बायको नळाखाली बादली लावून यायची, बादली भरेपर्यंत वर्तमानपत्र वाचून संपवायची, आणि मग उरलेल्या वेळात शब्दकोडं सोडवायची.

"त्याचं कारण वेगळं आहे," प्रेशरसाहेब म्हणत. ते वेगळं कारण काय, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

तर अशा या माणसाला रविवारी सकाळी मेव्हण्याचा फोन आला. आवाज असा, की घरात कुणी तरी अंथरुणाला खिळलंय.

"भावजी, गाडी दमते हो."

मेव्हण्यानं नुकतीच एक जुनी पण जबरदस्त गाडी घेतली होती. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या नाकातोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. पाय दाबला की हा पंखा शिट्टी मारत फिरायचा आणि गाडी अशी सुटायची, की पोट मागच्या सीटवर राहायचं आणि माणूस पुढे जायचा! मेव्हणा या शिट्टीवर जीव टाकत होता. लग्नातल्या फोटोत तो जेवढा हसला नव्हता, तेवढा गाडीशेजारच्या फोटोत हसला होता. हे निरीक्षण अर्थात त्याच्या बायकोचं.

"कधीपासून?" प्रेशरसाहेबांनी विचारलं. खात्यात तक्रार घेताना पहिला प्रश्न हाच असतो.

"आठवडा झाला. शिट्टीच येत नाही. परवा चढावर एक सायकलवाला मला मागे टाकून पुढे गेला, भावजी! आणि जाताना त्यानं हात केला! ही शेजारीच बसली होती. घरी आल्या आल्या तिनं दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना गाडी हवीच आहे. आज दुपारी चार वाजता येतायत बघायला. तोपर्यंत गाडी सुधारली नाही तर विकायची, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी. म्हणजे तिनं."

"आठवड्यापूर्वी काय विशेष घडलं होतं? नीट आठव."

"काही नाही. तुम्ही आणि ताई जेवायला आला होतात. तुम्ही गाडीत मॅट घातलीत. मग आइस्क्रीम खाल्लं."

"यात तांत्रिक काहीच नाही," प्रेशरसाहेब म्हणाले. "मी निघालो!"

ती मॅट त्यांनी स्वतःच्या हातानं कापली होती. मोठमोठ्या जलवाहिन्यांच्या जोडात घालतात त्या काळ्या रबराचा एक तुकडा खात्यातून बाद झाला होता. चांगलं दोन बोटं जाड रबर! "ही मॅट झिजणार नाही. आधी गाडी झिजेल," असं म्हणून त्यांनी ती ड्रायव्हरच्या पायाखाली बसवली होती, आणि मेव्हण्यानं दोन्ही हातांनी नमस्कार केला होता.

एका जुन्या लोकरी स्वेटरमध्ये त्यांनी आपला दाब मोजायचा गेज गुंडाळला. हा गेज जेवणाच्या ताटाएवढा होता. बायकोही बरोबर निघाली.

"तू कशाला?"

"माझा भाऊ आहे. धीर द्यायला कुणी तरी हवं."

मेव्हण्याच्या अंगणात गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. प्रेशरसाहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले आणि निदान सुरू केलं.

"हे बघ. पंखा हवा कोंबतो. हवा जास्त झाली की पेट्रोलही जास्त लागतं. म्हणजे हवेचा जोर जेवढा वाढेल, तेवढा पेट्रोलचा दाब वाढायला पाहिजे. तो वाढत नसेल तर इंजिन उपाशी! आता मला सांग, उपाशी माणूस चढ चढेल का?"

"नाही चढणार."

"झालं तर!"

इतकं सोपं असतं, याचं मेव्हण्याला नवल वाटलं. गेज पेट्रोलच्या नळीवरच्या तोटीला जोडला. इंजिन चालू केलं. काटा दिमाखात वर आला आणि जिथं असायला हवा तिथं स्थिर राहिला.

"उभ्या गाडीत दाब ठीक आहे," प्रेशरसाहेब म्हणाले. "पण उभ्या गाडीबद्दल तक्रारच नाही. धावत्या गाडीत मोजायला हवा."

पेट्रोलची नळी गाडीच्या आत घेणं धोक्याचं, एवढं भान त्यांना होतं. म्हणून गेज बाहेरून पुढच्या काचेवर, तोंड आत करून, चिकटपट्टीनं डकवला. त्यामुळे आतून काटा छान दिसू लागला. रस्ता दिसेनासा झाला. मेव्हण्यानं खिडकीतून मान बाहेर काढून गाडी चालवायची, असं ठरलं.

निघाले. चढ आला.

"दाब पाय!"

"दाबलाय, भावजी!"

"पूर्ण दाब!"

"अहो पूर्णच दाबलाय! पाय तळाला टेकलाय! याच्या खाली आता डांबर आहे!"

"काटा जागचा हलत नाहीये!"

"शिट्टीपण नाही!"

"बघ! मी म्हटलं नव्हतं? दाबच वाढत नाही! निदान पक्कं!" प्रेशरसाहेबांना इतका आनंद झाला, की शेजारून कोण गेलं ते त्यांनी पाहिलंच नाही. सायकलवाला होता. त्यानं हात केला. मेव्हण्याची मान बाहेरच असल्यामुळे यावेळी त्याला प्रत्युत्तर देणं भाग पडलं.

परत आल्यावर चौकशीचा दुसरा टप्पा सुरू झाला. संशयित पहिला: पंप. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असतो, म्हणून मागची सीट उपटून दिवाणखान्यात नेली. तिथं मेव्हण्याची बायको दाराकडे बघत उभी होती.

"भावजी, हे काय?"

"वहिनी, तात्पुरतं आहे."

"तुम्ही मागे आमचा मिक्सर उघडला होतात, तोही तात्पुरताच होता. अजून डब्यात आहे."

प्रेशरसाहेबांच्या बायकोनं मात्र सीटवर बसून पाहिलं, आणि ती सोफ्यापेक्षा मऊ आहे असा निर्वाळा देऊन तिथंच शब्दकोडं उघडलं.

खात्यात जमिनीखालची गळती शोधायला लोखंडी सळई एका टोकानं पाइपावर आणि दुसऱ्या टोकानं कानाला लावतात. सळई नव्हती. स्वयंपाकघरातला लाकडी डाव मिळाला. प्रेशरसाहेब गाडीत ओणवे झाले, डाव पंपाला लावला, डोळे मिटले.

"काय म्हणतोय?" मेव्हण्यानं कुजबुजत विचारलं.

"गुणगुणतोय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"पंप निर्दोष आहे. आवाजात खोट नाही."

पेट्रोलचा फिल्टर बदलून पाहिला. काटा तिथंच. नळी कुठं पिचलीय का, पाहिली. सरळ होती. पंपाला वीज कमी पोचत असेल म्हणून तारा तपासल्या. भरपूर पोचत होती. एकेक संशयित निर्दोष सुटत होता आणि घड्याळ चारकडे सरकत होतं. मेव्हणा बॉनेटवर हात ठेवून असा उभा होता, जणू गाडी सासरी निघालीय.

"चार सिलिंडर आहेत ना?" प्रेशरसाहेब एकदम म्हणाले.

"चार."

"मग हा वाटपाचा प्रश्न आहे! शेवटचं सिलिंडर म्हणजे टेकडीवरची वसाहत. पहिले तिघं सगळं ओढून घेतात, चौथ्याला थेंब नाही. अशा वेळी आम्ही काय करतो? इतरांची उधळपट्टी बंद!"

मग एसी बंद झाला, रेडिओ बंद झाला, दिवे बंद झाले, घड्याळसुद्धा बंद करता येईल का याचा विचार झाला. पुन्हा चढ. पुन्हा पाय तळाला. काटा ढिम्म! सायकलवाला उतरणीवरून समोरून येत होता. आता तो ओळखीचं हसला.

"हवा गळतेय!" परत येता येता प्रेशरसाहेबांनी जाहीर केलं. "पंखा हवा कोंबतोय, पण ती वाटेतच सांध्यांमधून निसटतेय. हवेचा जोर नाही म्हणून पेट्रोलचा दाब नाही. साबणाचा फेस आण! बुडबुडा येईल तिथं चोर!"

साबण सापडेना, म्हणून मेव्हण्यानं बाथरूममधून बायकोचा शाम्पू आणला. तो केस गळू नयेत म्हणून मुद्दाम मागवलेला होता. प्रेशरसाहेबांनी तो बादलीत घुसळला आणि हवेच्या प्रत्येक नळीवर, प्रत्येक सांध्यावर मुक्त हस्तानं ओतला. इंजिन चालू होताच पंख्याच्या पट्ट्यानं त्या फेसाचा जो काही फवारा उडवला, तो बॉनेटवर, काचेवर, भिंतीवर, गुलाबाच्या कुंडीवर आणि दोन्ही तज्ज्ञांच्या अंगावर बसला. बुडबुडे सगळीकडेच होते. चोर कोण, हे सांगणं अवघड होतं. फेसानं थबथबलेले बूट घेऊन प्रेशरसाहेब इंजिन बंद करायला ड्रायव्हरच्या जागी बसले, तेव्हा खालची मॅटही न्हाऊन निघाली.

नेमके तेव्हाच दाताचे डॉक्टर आले.

त्यांची गाडी फाटकात अडकली, कारण आत ही उभी होती, आडवी, फेसाळलेली, मागच्या सीटशिवाय.

"गाडी आजारी आहे का?" डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं.

"तपासणी चालू आहे," प्रेशरसाहेब म्हणाले. त्यांच्या भुवईवरून फेस ओघळत होता.

मेव्हण्याची बायको बाहेर आली. तिनं भिंत पाहिली, गुलाब पाहिला, शाम्पूची रिकामी बाटली उचलून पाहिली. मेव्हणा दोन पावलं मागे सरला.

"किल्ली," ती म्हणाली.

"अगं, गाडी अजून..."

"डॉक्टरांना आत यायला जागा करते. किल्ली!"

ती बसली. पाय ठेवताच बुळबुळीत मॅटवरून सर्रकन घसरला. "ही काय घाण!" म्हणत तिनं मॅट ओढली आणि दारातून बाहेर भिरकावली. मॅट धप्पकन कुंडीवर पडली. गुलाबाचं जे राहिलं होतं तेही गेलं. मग तिनं डोळ्यांसमोरचा तो ताटाएवढा गेज टाळून मान बाहेर काढली, डॉक्टरांना मागे व्हायची खूण केली, गाडी रस्त्यावर काढली आणि रागाच्या भरात पाय दाबला.

शिट्टी वाजली!

अशी वाजली, की समोरच्या घराच्या खिडकीत माणसं आली. मागे फेसाची एक रांगोळी उमटवत गाडी चढ चढून दिसेनाशी झाली. मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शाम्पूही असेल.

बऱ्याच वेळानं ती परतली. तिचे केस उभे राहिले होते आणि चेहऱ्यावर, लग्नातल्या फोटोत तिचाही नव्हता, असा आनंद होता.

"तो सायकलवाला!" ती धापा टाकत म्हणाली. "मागे टाकला! मीपण हात केला! आणि भावजी, तुमचं ते घड्याळ बिघडलं हो. काटा सगळा गरकन फिरून वर चढला."

"वाढला!" प्रेशरसाहेब ओरडले. "दाब वाढला! अरे, फेसानं सांधे बसले! बारीक गळती होती, बुजली!"

मेव्हण्यानं त्यांना मिठी मारली. डॉक्टरांनी लगेच व्यवहाराचं बोलणं काढलं, तशी मेव्हण्याची बायको म्हणाली, "विकायची नाही." ती गाडीतून अजून उतरली नव्हती. तिनं किल्ली मुठीत धरली होती. विकायचं नाही हे दोघांनी ठरवलं. म्हणजे तिनं.

मग अंगणातच चहा झाला, आणि बसायला दिवाणखान्यातली ती मागची सीट बाहेर आणली. प्रेशरसाहेबांनी डॉक्टरांना दाब या विषयावर सविस्तर सांगितलं, दातांचाही त्यात उल्लेख केला. बोलता बोलता त्यांनी ती मॅट स्वच्छ धुतली, पुसली, कोरडी केली आणि स्वतः वाकून पुन्हा जागेवर नीट बसवली. नव्यासारखी दिसत होती.

"चला डॉक्टर, एक चक्कर मारून आणतो!" मेव्हणा उत्साहानं म्हणाला.

ते गेले आणि परतले. परतताना शिट्टीचा आवाज आला नाही. सायकलच्या घंटीचा आला.

मेव्हण्याची बायको उठली, गाडीचं दार उघडलं, दोन बोटांच्या चिमटीत मॅट बाहेर काढली आणि प्रेशरसाहेबांच्या बायकोच्या शेजारी, गाडीच्या त्या मऊ सीटवर ठेवली. मग आत बसून, उभ्या गाडीत, पाय दाबून पाहिला. तो चांगला दोन बोटं जास्त खाली गेला.

"ताई," मेव्हणा हळूच म्हणाला, "भावजींना वाईट वाटेल का गं?"

"नाही रे," शब्दकोड्यातून मान वर न करता ती म्हणाली. "त्याचं कारण वेगळं असणार."

गाडी आता उत्तम पळते. मेव्हण्याची बायको ती मेव्हण्याला रविवारी चालवायला देते. मॅट प्रेशरसाहेबांच्या बाथरूमच्या दारात आहे, आणि तिच्यावर अजून एकदाही पाणी सांडलेलं नाही.