मासे कापायच्या फळीवर उभी जीप

आमच्या जीपच्या दारावर एक करडी रेघ आहे. जमिनीपासून बरोबर त्रेपन्न सेंटिमीटरवर. गेल्या सप्टेंबरात नदीने ती काढली. हिमनदीचा गाळ तो, कितीही घासला तरी जात नाही. जीपचा उंबरठा एकोणपन्नासवर. म्हणजे चार सेंटिमीटर पाणी आत आलं, आणि तेहतीस माणसांसाठी केलेल्या मटणाच्या सूपचं पातेलं त्यात तरंगायला लागलं.

तेव्हा यंदा जीप पाच सेंटिमीटर उचलायची, आणि तीसुद्धा घरच्या घरी, असं मी ठरवलं. त्यात काय अवघड! जमिनीखालच्या गरम पाण्यातले क्षार चौथ्या दशांशापर्यंत मोजणं हेच माझं काम आहे.

खरं कारण सूप नव्हतं. माझे बाबा, आस्ग्रिमुर, एकतीस वर्षं आमच्या डोंगराचे राजे आहेत. उन्हाळाभर डोंगरात सुटलेल्या मेंढ्या सप्टेंबरात खाली आणायच्या, आणि त्या दिवशी सगळ्यांनी राजाचं ऐकायचं. आता त्यांचे गुडघे गेलेत, पण वारस काही ठरत नाही. पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसून लोक दर शनिवारी विचारतात, "आस्ग्रिमुर, तुझ्यानंतर कोण? ओद्नी की हियाल्ती?"

बाबा डोळे मिटून म्हणतात, "पाणी आज छान आहे."

ओद्नी म्हणजे मी. हियाल्ती माझा चुलतभाऊ. तो बहुधा खोगिरावरच जन्मला. मला मात्र सातव्या वर्षी एक घोडा खांद्याला चावला, तेव्हापासून त्या जातीशी माझं बोलणं बंद आहे. पण राजेपण जीपमधूनही करता येतं, हे मला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं!

माझा नवरा बाउर्दुर मासळीच्या कारखान्यात आहे. त्याने तिथल्या टाकून दिलेल्या, मासे कापायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्या आणल्या. पाच सेंटिमीटर जाड, दगडासारख्या टणक. मी लेथवर त्यांचे चार स्पेसर कातले, स्प्रिंगच्या टोकाशी बसवायच्या गोल चकत्या. चारींत मिळून केसाएवढाही फरक नव्हता.

"दुकानातल्या मालाला हे जमायचं नाही!" मी म्हणाले.

"वास येतोय का गं?" बाउर्दुरने विचारलं.

"प्लास्टिकला वास नसतो."

हे वाक्य लक्षात ठेवा.

चारही चकत्या बसवून आम्ही जीप अंगणात काढली. बाबा कुंपणाला टेकून बघत होते.

"हिची शिंक अडकलीय का?"

जीप नाक वर करून आकाशाकडे बघत होती. मी मोजलं. मागे पाच सेंटिमीटर, पुढे दहा! मागची स्प्रिंग चाकांच्या आसावरच बसते. पुढची मात्र चाकापासून दूर, चाक धरणाऱ्या दांड्याच्या मध्यावर. तिथे पाच दिले की टोकाशी दहा होतात. तरफेचा नियम. मी तो नववीत शिकले, आणि पुढे दोन वर्षं शिकवलासुद्धा.

"काढ त्या पुढच्या," बाउर्दुर म्हणाला.

"अरे, उद्या सकाळी निघायचंय! त्यापेक्षा मागेही दहा करू."

उरलेल्या फळीच्या आणखी दोन चकत्या मागे गेल्या. जीप सपाट झाली. फक्त बाबांचा पाय काही तिच्यात पोचेना. शेवटी बाउर्दुरने मासळीचा एक क्रेट आणून पालथा घातला.

"एकतीस वर्षांनी सिंहासन मिळालं," बाबा वर चढत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नदी आम्ही कोरड्या पायांनी पार केली! सूप हललंसुद्धा नाही. शेजारून हियाल्ती घोड्यावरून गेला, मांडीपर्यंत भिजलेला.

"बाबा, बघितलंस?"

"बघतोय."

मग चढ लागला आणि इंजिन तापलं. इंजिनाबरोबर चकत्या तापल्या. आणि वीस वर्षं त्या फळ्यांच्या प्रत्येक चरीत मुरलेला कॉड मासा जागा झाला.

आधी एक सीगल आला. मग चाळीस. समुद्र तिथून तीस किलोमीटर!

"पाहुणे आले," बाबा म्हणाले.

मग मेंढ्यांनी माना वर केल्या. आमच्याकडे हिवाळ्यात मेंढ्यांना माशांची पेंड घालतात. मला हे लहानपणापासून माहीत आहे. फक्त त्या दिवशी आठवलं नाही. एक म्हातारी मेंढी धावत निघाली आणि तिच्यामागे अख्खा डोंगर! मी हॉर्न वाजवला, तर त्यांना ती जेवणाची हाक वाटली. मी जीप मागे घेतली, त्याही वळसा घालून मागे आल्या.

"ओद्नी!" हियाल्ती लांबून ओरडला. "माझ्या मेंढ्या सोड!"

"मी कुठे धरल्यात?"

तेवढ्यात त्याच्या घोड्याला सीगल दिसले. हियाल्ती दलदलीत बसला. अगदी नीट, मांडी घालून बसल्यासारखा.

"आता थांबू नकोस," बाबा म्हणाले. "खाली चल."

संध्याकाळी चारला यायचा कळप सकाळी अकराला गावच्या मेंढवाड्यावर हजर झाला. फाटक उघडायलाही कुणी नव्हतं. निरोप गेला तशी माणसं तलावातूनच, ओल्या केसांनी धावत आली. मोजणी झाली. चारशे बारा! एकही कमी नाही. सगळ्यात शेवटी पंचवीस स्वार आले, काहीही न करता दमलेले, आणि त्यांच्यामागे चिखलाने माखलेला हियाल्ती, घोड्याचा लगाम धरून चालत.

बाउर्दुरने क्रेट खाली ठेवला. बाबा जीपमधून त्यावर उतरले, आणि उतरले ते तिथेच उभे राहिले.

"हियाल्ती, तू उत्तम स्वार आहेस," बाबा म्हणाले. "पण आज मेंढ्या कुणाच्या मागे आल्या, ते सगळ्यांनी पाहिलं."

मी चेहरा शक्य तितका नम्र केला.

"ही गाडी मात्र मला माझ्या डोंगरावर पुन्हा दिसता कामा नये." त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं, बरोबर चावा पडला होता तिथे. "पुढच्या वर्षीपासून राजा ओद्नी. घोड्यावर!"